साइडकारमधला भोपळा

युक्रेनच्या पूर्वेकडच्या आघाडीवर ओरेस्त मोटारसायकलवरून माणसांच्या गोष्टी गोळा करत फिरायचा. किती रणगाडे जळाले हे सांगणारे बातमीदार पैशाला पासरी होते. त्याला माणसं हवी होती, आणि माणसं गोष्ट सांगण्याआधी कामाला लावायची. कुणाचं मांजर पोचव, कुणाच्या जावयाला चार शब्द सुनाव.

त्या दिवशी पानास आजोबांनी त्याला गाठलं. शेतांपलीकडच्या गावात मोत्र्या नावाची म्हातारी एकटी राहायची आणि तिथं रोज तोफगोळे पडत होते.

"तिला म्हणावं, माझं तळघर पक्कं आहे. राहायला ये. कायमची." शेवटचा शब्द बोलताना म्हातारा कानापर्यंत लाल झाला.

"तुम्हीच चला ना, आजोबा. साइडकार रिकामीच आहे."

"माझे गुडघे धरलेत. तुला गोष्ट हवी ना? मग जा."

ओरेस्त गेला. वर ड्रोन घोंघावलं की झाडाखाली थांबायचं, मग पुन्हा किक मारायची. मोत्र्या आजीच्या घराला अर्धंच छप्पर उरलं होतं. तिनं निरोप ऐकून घेतला, परसातून एक जाडजूड भोपळा आणला आणि साइडकारमध्ये ठेवला.

मागणी घालायला आलेल्याला भोपळा दिला म्हणजे नकार, हे युक्रेनमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"आजी, इथं राहिलात तर मराल हो."

"सावकाश ने," ती म्हणाली. "फुटायला नको."

भोपळा पाहून पानासचा चेहरा पडला. तरुणपणीही त्यानं तिच्याकडे दोन मध्यस्थ पाठवले होते आणि दोघं मिळून एक भोपळा घेऊन परतले होते. मग तिनं एका ट्रॅक्टरवाल्याशी लग्न केलं. तो बिचारा जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

"तोफा काय हिच्या भोपळ्याला घाबरणारेत?" पानास ओरडला आणि गुडघे विसरून साइडकारमध्ये चढला. "चल. आता तोंडावर विचारतो."

मोत्र्या डोक्याला रुमाल बांधून, बोचकं शेजारी ठेवून दारातच बसली होती.

"आलास एकदाचा," ती म्हणाली. "तेव्हाही माणसं पाठवलीस, आता हा पोरगा. माझ्या दारात यायला तुझे पाय मोडले होते का?"

"आणि मी यायच्या आत मेली असतीस म्हणजे?" पानासचा आवाज कापत होता.

तीही रात्ररात्र घाबरलेली असायची, पण ते सांगेल तर ती मोत्र्या कसली. तिनं त्याचा कोट चाचपला. "बटण कुठं पाडलंस? बरं, विचार आता."

त्यानं विचारलं. ओरेस्तनं शहाण्यासारखी पाठ फिरवली.

परसातले बाकीचे भोपळे सोडून यायला मात्र ती तयार होईना. परतताना साइडकारमध्ये ती, तिच्या मांडीवर नि पायाशी भोपळे, आणि पानास ओरेस्तच्या पाठीला चिकटलेला. चौकीवरचा सैनिक बघतच राहिला.

"आजोबा, एवढे नकार?"

"हो ना," पानास म्हणाला. "म्हणून देणारीलाच घेऊन चाललोय."