न बोलावता यायचं काम

ऑरिनने किटलीतली सगळी कॉफी गवतावर ओतली आणि रिकामी किटली पिकअपच्या फळीवर आदळली.

"उगाच ओतलीस," टेट म्हणाला. "आता परत करायला लागेल."

"कुणासाठी? गाईंसाठी?"

टेट जाळातल्या, वासरांवर मालकाच्या खुणेचा डाग द्यायच्या सळया सारख्या करत राहिला. गुरांच्या वाडग्यात वासरं आयांसाठी हंबरत होती, कुंपणापलीकडून गाई त्यांना ओ देत होत्या, आणि सबंध वायोमिंगमध्ये तेवढाच काय तो आवाज होता. एरवी डाग द्यायच्या दिवशी उजाडायच्या आत शेजारच्या रँचवरच्या गाड्यांची रांग लागायची. घोडे उतरायचे, बाया भांडी उतरवायच्या, आणि कुणी कुणाला बोलावलेलं नसायचं. आपण त्यांच्याकडे जायचं, ते आपल्याकडे येतात. बोलावणं पाठवलं तर उलट माणसं रागावतात. आज सूर्य कासराभर वर आला तरी खालच्या रस्त्यावर धूळ नव्हती.

"वीस वर्षं झाकली मूठ होती," ऑरिन म्हणाला. "मी मालक, तू माझा गडी. सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलायची वेळ कुणावर आली नव्हती. तुला कोर्टात जाऊन आपलं लग्न लावायची हौस!"

"मला हौस? अंगठी कुणी आणली रे?"

अंगठी ऑरिननेच आणली होती, फेब्रुवारीत, गुडघाभर बर्फातून. त्याने हातमोजा मनगटापर्यंत ओढून घेतला.

दोघांच्याने एवढी वासरं आवरणार नव्हती, आणि डाग दिल्याशिवाय कळप डोंगरावर सोडता येत नव्हता. पण ते कसंही निभावलं असतं. ज्यांच्या पोरांना त्याने घोड्यावर बसायला शिकवलं, ज्यांच्या बापांना खांदा दिला, त्यांनीच पाठ फिरवली तर या खोऱ्यात जगायचं कसं? याच भीतीने तो गेल्या रविवारी शेजारच्या म्हाताऱ्या व्हर्जिलकडे डाग द्यायला गेला नव्हता. पाण्याचा पंप बिघडलाय, असं टेटला म्हणाला आणि धडधाकट पंप दिवसभर खोलून बसला. तिथे जाऊन कुणाच्या तोंडाकडे बघायचं, हेच त्याला उमगेना.

"धूळ," टेट म्हणाला.

आधी एक गाडी दिसली, मग तिच्यामागे ओळच. पहिल्या गाडीतून व्हर्जिलची बायको अर्लीन उतरली, दोन्ही हातांत घमेल्याएवढं भांडं घेऊन.

"केक बसेना गाडीत, म्हणून उशीर," ती ऑरिनला म्हणाली. "काय रे पोरा, लग्न करतोस आणि आमचं जेवण बुडवतोस? जनाची नाही तर मनाची तरी! आता नवऱ्यामुलांसाठी केकही आम्हीच आणायचा का?"

ऑरिनने तिच्या हातातलं भांडं घेऊन पिकअपच्या फळीवर ठेवलं. "मला वाटलं, तुम्ही लोक..."

"तुला काय वाटलं ते कळलं आम्हाला," व्हर्जिल गाडीतून घोडा उतरवत म्हणाला. "आजवर माझ्या वाडग्यात तू आला नाहीस असं कधी झालंय? मी हिला म्हटलं, लग्न झालं आणि पोरगं शेफारलं. आपण आता त्याला नकोसे झालो. आम्ही कुणी इकडे फिरकणार नव्हतो, स्पष्ट सांगतो." त्याने हनुवटीने टेटकडे दाखवलं. "पण मग हा आला, एकटाच. दिवसभर वासरांच्या लाथा खाल्ल्या. तुझं विचारलं तर म्हणतो पंप बिघडलाय. याला खोटंसुद्धा धड बोलता येत नाही."

रविवारी टेट गुरांची लस आणायला म्हणून गेला होता आणि लंगडत परतला होता. दुकानाच्या पायरीवरून पडलो, म्हणाला होता. ऑरिन त्याला पोट धरून हसला होता. आता त्याने टेटकडे पाहिलं, पण टेटला अचानक जाळात फुंकर घालायचं फार काम निघालं होतं.

व्हर्जिल घोड्यावर बसला. मागे बाकीचे स्वार गोळा झाले. डाग द्यायच्या दिवशी पाहुणा, कितीही मोठा असो, आपलं काम आपण निवडत नाही. तो मालकापाशी जाऊन विचारतो. घोड्यावरून फास कुणी टाकायचा आणि खाली मातीत वासरं कुणी दाबून धरायची, हे मालक सांगतो. गड्याला ते कधी कुणी विचारत नाही. ऑरिन दरवर्षीसारखा पुढे होऊन ताठ उभा राहिला.

व्हर्जिलचा घोडा त्याच्या शेजारून पुढे गेला आणि जाळाजवळ थांबला. म्हाताऱ्याने हॅटच्या कडेला बोट लावलं.

"बोला मालक," तो टेटला म्हणाला. "मला कुठे घेता?"

सळई टेटच्या हातात तशीच राहिली. त्याने ऑरिनकडे पाहिलं. ऑरिनने हॅट डोळ्यांवर ओढून घेतली.

"माझ्याकडे काय बघतोस?" तो खेकसला. "तुला विचारतायत ते."

टेटने सळई जाळात ठेवली. "तुम्ही फास टाका, व्हर्जिल. स्वारांतले पुढचे दोघेही तुमच्याबरोबर."

"आणि याला?" अर्लीनने ऑरिनकडे बोट दाखवलं.

टेटने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"याला मातीत बसवा," तो म्हणाला. "रविवारचं काम राहिलंय त्याचं."

खोऱ्यात हशा पिकला. ऑरिनने हातमोजे काढून खिशात कोंबले आणि अंगठी घातलेल्या उघड्या हातानेच पहिलं वासरू धरायला मातीत बसला.