खंडेनवमीचा रॉड

देवासच्या भैयासाहेबांना कुक्षीच्या व्याह्यांची, गणोजीरावांची, वाम नकोशी झाली होती. सापासारखा लांबोडका तो मासा गणोजीरावांनी तरुणपणी नर्मदेत, नावेतून, साध्या बांबूच्या गळाने धरला होता. त्यानंतर प्रत्येक लग्नाबारशाला तो वीतभर वाढत होता. मुलीच्या बापाने हसून ऐकायचं असतं, भैयासाहेब ऐकत. पण यंदा त्यांनी ठरवलं, गणोजीरावांच्या डोळ्यांदेखत याहून मोठी वाम काढायची आणि ते तोंड एकदाचं बंद करायचं.

मग अभ्यास सुरू झाला. विलायती समुद्रात मांडीएवढ्या वामी ओढणारे गोरे मोबाइलवर बघून बघून ते तज्ज्ञ झाले. गळाचा लांब रॉड किनाऱ्यावर; नावेत आखूड, जाड आणि ताठच हवा. कारण वाम कपारीत शेपूट अडकवून बसते, तिला उपटावी लागते. इंदूरच्या दुकानात त्यांनी एकूण एक रॉड वाकवून पाहिला.

"अंकल, ये तो समुंदरवाला है," दुकानदार म्हणाला. "नर्मदाजी में इत्ती बड़ी बाम नी मिलती."

"भिया, तू रॉड दे. वाम मी बघतो."

खंडेनवमीला त्यांच्याकडे शस्त्रं पूजतात. शस्त्रं म्हणजे म्यानातून न निघणारी तलवार आणि नारळाचा कोयता. यंदा मधोमध रॉड बसला. हळदकुंकू, झेंडूची माळ, मुठीला पूजेचा लाल नाडा. नाडा सोडला तर यश जाईल, म्हणून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भैयासाहेब रॉड तसाच नटवलेला घेऊन कुक्षीला पोचले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. विहीणबाई भवानीबाईंनी उंबऱ्यातच कुंकू पाहिलं, नाडा पाहिला.

"अहो, बाहेर या! व्याहीसाहेबांनी दसऱ्याचा मान आणलाय, पूजा करून!"

गणोजीरावांनी रॉड दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला. "वा! क्या चीज लाए हो, व्याहीसाहेब!"

भैयासाहेबांनी तोंड उघडलं. एक वाक्य पुरेसं होतं. तेवढ्यात दारात त्यांची लेक इरावती दिसली. लग्नातला तिच्या माहेरचा अहेर या घराने नाक मुरडून ठेवून दिला होता. तेव्हापासून माहेरचं नाव निघालं की पोर खाली बघायची. आज ती ताठ मानेने सासूकडे बघत होती. भैयासाहेबांना एकदम भरून आलं.

"तुमच्यासाठीच आणला," ते म्हणाले.

संध्याकाळी नावेत रॉड गणोजीरावांच्या हाती आणि जुना बांबू भैयासाहेबांच्या. वाम लागली ती अर्थात रॉडला. गणोजीराव घाबरून ढील द्यायला लागले, तेव्हा भैयासाहेबांना राहवेना. "ढील नका देऊ! उपटा तिला!" ते ओरडले. वाम वर आली, चांगली मनगटाएवढी.

घरी पोचेपर्यंत ती मांडीएवढी झाली.

"और रॉड किसका?" गणोजीराव जमलेल्या सोयऱ्यांना विचारत होते. "आमच्या सूनबाईंच्या माहेरचा!"

इरावती हसत पंगतीला वाढत होती. एका पाहुण्याने भैयासाहेबांनाच विचारलं, "खरंच मांडीएवढी होती?"

भैयासाहेबांनी लेकीकडे पाहिलं.

"थोडी जाडच," ते म्हणाले.