हलकं मचाण

"काटा हलायचा थांबू दे की जरा," गेलॉर्ड म्हणाला. "मचाण आहे ते, पळून नाही जायचं."

पण ऑरिनला कुठला धीर. त्याने मान वाकडी करून काट्याखाली डोकं घातलं होतं. गेलॉर्डच्या दुकानाच्या मागच्या शेडमध्ये हरणं तोलायचा हा काटा टांगलेला असे. हंगाम सुरू व्हायला दोन आठवडे होते, म्हणून सध्या त्यावर मचाणं चढत होती. झाडाच्या बुंध्याला पट्ट्याने आवळून बांधायची, घडी घालून पाठीवर न्यायची, ॲल्युमिनियमची मचाणं. पाय ठेवायला एक जाळीदार फळी आणि टेकायला पोळपाटाएवढं बसकं.

"नऊ पौंड!" ऑरिन बायकोकडे बघून ओरडला. "आर्डेल, बघितलंस? नऊ!"

आर्डेलने बघितलं होतं. वजन नव्हे, फळी. घरातल्या पायपुसण्याहून लहान होती ती. शेजारी दुसरं मचाण भिंतीला टेकून होतं, ऐसपैस, मजबूत, दोन पावलं मोकळी ठेवून वर उरेल एवढं. पण त्याचं वजन दुपटीहून जास्त होतं.

"इतकी वर्षं याला कसलं वजन माहीत होतं?" गेलॉर्ड तिला म्हणाला. "नेसहाइमांच्या शेतातल्या ओकवर लाकडी माडी ठोकून बसायचा लेकाचा. वर शेगडी न्यायचीच काय ती बाकी होती."

खरंच होतं ते. पण नेसहाइमांच्या मुलाने शेत शिकागोच्या माणसांना विकलं आणि त्यांनी पहिल्याच महिन्यात कुंपणावर 'आत येऊ नये'च्या पिवळ्या पाट्या ठोकल्या. आता उरलं नदीकाठचं सरकारी जंगल. तिथे झाडाला खिळा मारायचा नाही, रात्री काही ठेवायचं नाही. रोज पाठीवर न्यायचं, बांधायचं, सोडायचं, परत आणायचं. बासष्ट वर्षांच्या माणसाने. त्यातली पस्तीस वर्षं दुधाचा टँकर चालवून ज्याचे गुडघे कामातून गेले आहेत, अशा माणसाने.

गुडघ्यांची आर्डेलला काळजी नव्हती. गुडघे दुखतात म्हणून माणूस बोंब तरी मारतो. तिला काळजी होती पावलांची. ती वृद्धाश्रमाच्या धोबीखान्यात काम करायची, त्यामुळे कपड्यांवरून माणसाची तब्येत ओळखायची तिला सवयच लागली होती. ऑगस्टमध्ये ऑरिनचा मोजा धुवायला घेतला तर टाचेला रक्त, आणि बुटात हात घातला तर आत लोखंडी नट. दिवसभर हा माणूस नटावर चालत होता आणि त्याला पत्ता नव्हता. त्याआधी तपासणीहून आल्यावर "डॉक्टर काय म्हणाले?" असं तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "साखर जरा आहे. गोड कमी खा म्हणाले." एवढंच. तिने नट कचऱ्यात टाकला आणि गप्प बसली. तेव्हापासून तिला धड झोप नव्हती.

"आपल्या वयाला जमिनीवर खुर्ची टाकून बसावं माणसाने," गेलॉर्ड म्हणाला. "मी बसतो की. तंबूत. कॉफी पीत."

"तू बस," ऑरिन म्हणाला. "तू शाळेतसुद्धा दोर चढायच्या वेळी पोट धरून बसायचास."

गेलॉर्ड खो-खो हसला. ऑरिन नाही हसला. तो आर्डेलकडे वळला. "तू सांग. कुठलं घेऊ?"

एवढ्या वर्षांत बंदूक, गोळ्या, बूट यातलं काही त्याने तिला विचारून घेतलं नव्हतं. आज विचारत होता. मोठं घ्यायला लावलं तर ते त्याला जंगलापर्यंत नेता येणार नव्हतं. तो घरीच राहिला असता, सुखरूप. आणि मग नोव्हेंबरभर खिडकीशी बसून रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांच्या गाड्या बघत राहिला असता, जसा वसंतात पाट्या लागल्यावर बसला होता.

"हलकं घे," ती म्हणाली.

म्हटलं मात्र, आणि हा आता पडला तर आपणच पाडला, हे तिला तिथल्या तिथे कळून चुकलं.

पुढचे दोन आठवडे घरात वजनाचं वेड शिरलं. ऑरिनने स्वयंपाकघरातला काटा उचलून तळघरात नेला आणि आर्डेल अंदाजाने पीठ घेऊ लागली. मचाणाच्या पट्ट्यांची लोंबती टोकं त्याने कापली. लोखंडी बकल काढून दोरीच्या गाठी घातल्या. बसक्याचा फोम सोलला. झाडाला बांधायच्या पायऱ्यांचे चार तुकडे होते, तेही रोज तोलले जात, जणू रात्रीतून त्यांचं वजन वाढत होतं.

"डब्यात एकच सँडविच दे," तो म्हणाला.

"अर्धं देऊ? आणि जाण्याआधी केसही कापून टाक. तेवढंच हलकं."

"चेष्टा नको करूस. चढताना एकेक औंस जाणवतो."

"तुला जाणवतो?" तिच्या तोंडून निसटलं.

तो जिन्याकडे वळला. मग म्हणाला, "गाठी बघतो जरा," आणि खाली गेला.

हंगामाच्या पहिल्या शनिवारी तो उजाडायच्या आत निघाला. "पुलापलीकडे, मेपलच्या चढावर आहे मी," असं सांगून गेला. रात्री पातळ बर्फ पडला होता. आर्डेलने कॉफी केली आणि ती गार होऊ दिली. उजाडल्यावर दूरवरून बंदुकांचे आवाज येऊ लागले. दर आवाजाला तिला बरं वाटे, कारण बंदूक चालते म्हणजे कुणीतरी धड बसलेलं आहे.

नऊच्या सुमाराला ती कपडे मशीनला लावायला तळघरात उतरली. भिंतीवरच्या खिळ्याला पट्टा लटकत होता. खांद्यांवरून आणि मांड्यांमधून घेऊन झाडाला अडकवायचा, पाय सुटला तर माणसाला अधांतरी धरून ठेवणारा पट्टा. मचाणावर बसणारा बूट विसरेल, पण हा विसरत नाही.

विसरला नव्हताच तो. पट्ट्याला जाड लोखंडी बकलं होती. याने वजन वाचवलं, आर्डेलला वाटलं. सँडविच वाचवलं, फोम वाचवला आणि शेवटी हाही वाचवला. तिने फोन लावला. नदीकाठी फोन लागत नाही हे ठाऊक असून चार वेळा लावला. मग शिकारी घालतात तसलं नारंगी जाकीट चढवलं, पट्टा काखोटीला मारला आणि गाडी काढली.

पुलाजवळ त्याची गाडी उभी होती. बर्फात बुटांचे ठसे स्पष्ट होते. डावा पाय फरफटत गेला होता. जरा पुढे मचाण खाली टेकवल्याची खूण, पुन्हा थोड्या अंतरावर तशीच. आर्डेल ठशांवरून जवळजवळ पळत होती. शिकारीच्या पहिल्या दिवशी असं जंगलात घुसू नये हे तिथली पोरंसोरंही जाणतात, पण तिला सुचत नव्हतं. "देवा, माझं काही ऐकू नकोस, फक्त त्याचं ऐक," असं काहीतरी ती पुटपुटत होती. त्याने काय मागितलं असेल याचा तिने विचार केला नव्हता.

मेपलच्या चढाखाली थांबून तिने वर बघितलं. बुंध्यामागून बुंधा, सगळा उघडा. वर कुठे नारंगी नाही. तिने आणखी वर बघितलं. मग नजर खाली आली, आणि नारंगी रंग तिला जमिनीलगत दिसला, एका मेपलच्या बुडाशी.

तिने शेजारच्या बुंध्याला घट्ट धरलं. पडला. संपलं.

तेवढ्यात नारंगी हललं. एक हात वर गेला, टोपी सरळ केली आणि मांडीवरच्या बंदुकीवर परत आला.

ती झाडाआडून बघत राहिली. ऑरिन मचाणावरच बसला होता. नवं मचाण त्याने बुंध्याला अगदी नीट बांधलं होतं, बसकं गुडघाभर उंचीवर, फळी जमिनीलगत. दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले. शेजारी पायऱ्यांची मोळी पडली होती, बांधून आणली तशीच, एकही गाठ न सोडलेली. पाठ ताठ होती आणि तो समोरच्या चढाकडे टक लावून बघत होता, जसा नेसहाइमांच्या ओकवरून बघायचा.

पट्टा घरी का राहिला ते आता तिला कळलं. चढायचं नाही हे तो घरूनच ठरवून आला होता. बहुधा दुकानातच ठरवलं असेल. हलकं मचाण त्याला चढायला नकोच होतं. ते पाठीवर घेऊन सगळ्यांच्या देखत घरातून निघायला आणि संध्याकाळी सगळ्यांच्या देखत परत यायला हवं होतं. त्यासाठी त्या पायऱ्याही त्याने चढावर ओढत आणल्या होत्या.

आर्डेलला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी रडू कोसळलं. हाक मारावी असं फार वाटलं. ती आल्या पावली परत फिरली, आपल्याच ठशांत पाय ठेवत.

संध्याकाळी गेलॉर्ड आला. हंगामाच्या पहिल्या दिवशी तो त्यांच्याकडेच जेवायचा. त्याने तंबूतून एक नर हरीण मारलं होतं आणि ती हकिकत दोनदा सांगून झाली होती. आर्डेल ओव्हनमधून खिमा-बटाट्याची हॉटडिश काढत होती.

"माझं राहू दे," गेलॉर्ड म्हणाला. "तुझं सांग. मचाण कसं आहे? किती उंच बांधलंस?"

ऑरिनने हातातला काटा-चमचा ताटात ठेवला. सकाळपासून त्याने उत्तर तयार केलेलं असणार. तिला तो सहज सांगू शकला असता. पण गेलॉर्डला तो सहा वर्षांचा असल्यापासून ओळखत होता आणि गेलॉर्डपुढे त्याची थाप कधी टिकली नव्हती. त्याचे कान लाल झाले.

"तसं... झाड जरा..." तो म्हणाला.

"म्हणजे? चढलास ना?"

"वीस फूट," आर्डेल म्हणाली. भांडं तिने टेबलाच्या मधोमध ठेवलं. "वीसच्या वरच असेल. मी बघितलं ना."

"तू? आज? जंगलात?"

"सँडविच द्यायला गेले होते. एकच नेलं होतं याने. वर बघून बघून मान मोडली माझी."

"बाई, गोळी घातली असती कुणीतरी!" गेलॉर्ड म्हणाला. मग ऑरिनच्या पाठीवर थाप मारली. "वीस फूट! या वयात! मला वाटलं होतं, तू आपला खालीच बसणार."

ऑरिन आर्डेलकडे बघत होता. तिने नजर चुकवली नाही. त्याच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं ते तिला वाचता आलं: आधी भीती, मग राग, मग लाज. तिन्ही ओसरल्यावर उरला तो फक्त दमलेला माणूस.

"वारा होता वर," तो हळूच म्हणाला.

"होता तर," ती म्हणाली. "मला खालीसुद्धा लागत होता."

"उद्याही ये." त्याचा आवाज घोगरा झाला होता. "एकट्याला दिवस जात नाही तिथे."

"अरे, एवढ्याशा फळीवर दोघं मावणार कसे?" गेलॉर्डला हसू आवरेना. "पडाल दोघंही!"

ऑरिन मान खाली घालून जेवू लागला. आर्डेलने त्याच्या ताटात, त्याने न मागता, आणखी एक डाव बटाटे वाढले.