दार वाजत होतं तेव्हा

आप्पासाहेबांनी चारचौघांसमोर नारळ पुढं केला, तेव्हा सहादेवनं तो घेतला, पण कपाळाला लावला नाही.

"ह्याच्यामुळं आठ लेकरं वाचली," देवळाच्या ओट्यावरून आप्पासाहेब म्हणाले. सप्ताहाच्या पंचांत ते वडीलधारे. "येळेवर दार लावलं म्हनून. न्हाईतर काय झालं असतं?"

माणसांनी माना डोलावल्या. सहादेव खाली बघत राहिला.

तीन दिवसांपूर्वीची गोष्ट. सोनईजवळच्या एका वस्तीत ऐन दुष्काळातही नाथाच्या देवळात सप्ताह बसला होता. काल्याच्या कीर्तनाला दुष्काळी कामावरचं खडी फोडणं टाकून माणसं आली. गर्दीत चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून सहादेवला दाराशी नेमलेलं. महाप्रसादाच्या चुलीचा धूर पिंपळात शिरला आणि आग्या मोहोळ उठलं. माणसं वाट फुटेल तिकडं पळाली. सहादेवनं हाताला लागतील ती पोरं आत ओढली, दार लोटलं, कडी घातली. इथवर सगळं खरं होतं.

मग दार वाजलं.

"सहादेवा, मी हाय रं. उघड!"

देवळाची झाडलोट करणारी कडूबाई. आवाज त्यानं लगेच ओळखला.

"काकी हाय, उघडा की," आतली एक पोरगी म्हणाली.

त्यानं तिला दटावलं आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. पोरांसाठी, असं तो तेव्हा मनाशी म्हणाला. पण पोरं पार मागं गाभाऱ्यात होती, आणि कडूबाई वीतभर फटीतूनही आत आली असती. त्याच्या मानेला दोन डंख बसले होते. तिसरा त्याला नको होता, एवढंच. थोड्या वेळानं दार वाजायचं थांबलं.

आता ओट्यावर पुढच्या सालचं ठरत होतं. चुली लांब मांडायच्या, घोंगड्या जवळ ठेवायच्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांना आधी आत घ्यायचं. कडूबाई बायकांच्या मागं बसली होती. तोंड सुजलेलं, एक डोळा अजून मिटलेला.

"आन दाराशी सहादेवच," आप्पासाहेब म्हणाले.

सहादेवनं नारळ ओट्यावर ठेवला.

"ह्यो माझा न्हाई. कडूबाई दार वाजवत हुती. मला ऐकू येत हुतं."

पुढं बसलेल्या एकानं आपलं मुंडासं उगाच सारखं केलं.

"मंग... दुसरा मानूस बघू," आप्पासाहेब शेवटी म्हणाले.

"दुसरा कशाला?" मागून कडूबाईचा आवाज आला. "त्यालाच ऱ्हाऊ द्या."

"येवढं हुनबी?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"व्हय. दार वाजताना आतल्याला काय हुतं, ते दुसऱ्याला कुटं ठाव हाय?"

एवढं बोलून ती उठली, पदर सावरला आणि पायऱ्या उतरून गेली. सहादेवच्या अंगावरूनच गेली, पण त्याच्याकडं तिनं बघितलं नाही.