घरचं पाणी

हर्षदभाईच्या गाळ्यात मी पोटमाळ्याच्या शिडीला हात लावला आणि फोन वाजला.

"साहेब, कशाला चढता? टाकी परवाच धुतली. पाणी एकदम झकास," हर्षदभाई मागून म्हणत होता.

मी महापालिकेचा आरोग्य निरीक्षक. घाटकोपरमधली हॉटेलं, खाद्यपदार्थांचे कारखाने तपासतो. हा गाळा फरसाणाचा होता.

फोन आमच्या शेजारच्या शुभावहिनींचा होता. "भाऊजी, लगेच घरी या."

"काय झालं?"

"प्रेमा ओट्याजवळ पडली. डॉक्टर येऊन गेले. गेली हो ती."

मी बेसनाच्या गोणीवर बसलो. एका कारागिराने नळाखाली ग्लास भरून माझ्या हातात दिला. तो मी तोंडाला लावणार तोच हर्षदभाईने काढून घेतला.

"हे नको, साहेब." त्याने गल्ल्यामागून स्वतःची बाटली आणली. "हे घरचं आहे. प्या."

मी प्यायलो. इतक्या वर्षांच्या नोकरीत तपासणीच्या जागी मी कधी काही तोंडात घातलं नव्हतं, पाणीसुद्धा नाही. प्यायलं की लिहिताना हात अडखळतो. हर्षदभाई त्यावरून चिडवायचा, "साहेबांचं पोट काचेचं आहे, एक गाठिया पडला तर तडा जाईल." प्रेमा, माझी बायको, रोज सकाळी स्टीलची बाटली भरून द्यायची. त्या दिवशीही दिली होती. ती खाली स्कूटरच्या डिकीत होती, आणि मला खाली जाण्याचं सुचलं नाही.

हर्षदभाईने मला स्वतःच्या गाडीतून मुलुंडला पोचवलं. स्कूटर त्याच्या गाळ्याखालीच राहिली.

पुढचे दिवस लोक येऊन बसत होते. कोणी प्रेमाच्या हातच्या माशांबद्दल बोलायचं, कोणी तिच्या बोलण्याबद्दल. मी कामावरून येऊन स्वयंपाकघरात डोकावलो की ती म्हणायची, "माज्या सैपाकघराक पण नोटीस लावतास की काय?" हर्षदभाईही येऊन गेला. टाकीचं काही बोलला नाही, मीही नाही. तो गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. टाकी खरंच धुतलेली असती तर त्याने माझ्या हातातला ग्लास काढून घेतला नसता.

तेरावं झाल्यावर कामावर गेलो. दिवाळी तोंडावर आली होती.

"भाऊ, तो फरसाणवाला गाळा मी उरकतो," ऑफिसातला विकी म्हणाला. तो माझ्यापेक्षा बराच ज्युनियर. "तुम्ही नका जाऊ परत तिथे."

"उरकतो म्हणजे?"

"म्हणजे बघून येतो."

"वर चढशील?"

"चढेन ना, यार."

"राहू दे. अर्धी तपासणी माझी झालीय."

गाळ्यात सगळ्या कढया चालू होत्या. दिवाळीच्या मालाचे डबे छतापर्यंत गेले होते. मला बघून हर्षदभाईने हात पुसले. या वेळी चढू नका म्हणाला नाही, शिडी धरून उभा राहिला.

टाकीचं झाकण अर्धं तुटलेलं होतं. पाण्यावर तेलकट थर, त्यात झुरळं. तळ दिसत नव्हता.

खाली उतरून मी म्हटलं, "इतके दिवस मिळाले होते, हर्षदभाई."

"टाकी बंद तर काम बंद, साहेब. वर्षाचा अर्धा धंदा या दिवसांत होतो." मग शिडी बाजूला ठेवत, "त्या दिवशी मी बोललो नसतो तर?"

"तर मी ते पाणी प्यायलो असतो."

"ते कसं पिऊ देणार होतो मी?"

"लोक खातातच ना, तुमचं फरसाण."

मला वाटलं, आता तो गाडीची, मुलुंडची आठवण काढेल. त्याने काढली नाही. काढली असती तर लिहिणं सोपं गेलं असतं. मी काम थांबवायची नोटीस लिहिली. साठलेलं पाणी ओतून द्यावं, टाकी घासून कोरडी करावी, नवीन झाकण बसवावं, मगच भरावी. हर्षदभाईने सही केली आणि कारागिरांना म्हणाला, "गॅस बंद करा रे." एकेक शेगडी बंद होत गेली.

"पाणी?" त्याने सवयीने विचारलं. मी मानेनेच नाही म्हटलं.

खाली येऊन स्कूटरची डिकी उघडली. बाटली तशीच होती, भरलेली. झाकण प्रेमा नेहमी लावायची तसंच घट्ट. ती घरी आणून ओट्यावर ठेवली.

हर्षदभाईने टाकी धुऊन घेतली. मी परत वर चढून पाहिली आणि गाळा सुरू करायला परवानगी दिली. दिवाळीचा निम्मा माल त्याच्या हातून गेलाच. आता तो मला चिडवत नाही.

रुचिरा, माझी मुलगी, रविवारी येते आणि भांडी घासताना विचारते, "बाबा, ही बाटली पण घेऊ?"

"राहू दे," मी म्हणतो.

साठलेलं पाणी ओतून द्या, हे मी रोज कोणाला ना कोणाला सांगतो. ती बाटली अजून ओतायची राहिली आहे.