वाढत्या अंगाची पिशवी

"चार वर्षांचं पोर ते. तिला काय कळतंय? लक्षातसुद्धा राहणार नाही तिच्या," नणंद म्हणाली, आणि माझ्या हातातली कात्री तिथल्या तिथे थांबली.

थांबली ते बरं झालं. नाहीतर गिऱ्हाइकाच्या पँटची हाफपँट झाली असती.

मी शिवणकाम करते. बाजारामागच्या गल्लीत, किल्ल्या बनवणाऱ्याच्या शेजारी माझं एवढंसं दुकान आहे. एक मशीन, एक इस्त्री आणि कोपरा तडकलेला आरसा. चेन बदला, बाह्या आखूड करा, कुणी अंगाने सुटलं की शिवण उसवून सैल करा, असली कामं. नणंद एका ऑफिसात कामाला आहे. संध्याकाळी घरी जाताना माझ्याकडे टेकते आणि फुकटचे सल्ले देऊन जाते.

"राहतं लक्षात, ताई," मी म्हटलं.

"अगं, पुढच्या आठवड्यात तुझं ऑपरेशन! अशा वेळी माणूस घरात आराम करतं. तू परदेशात फिरायला निघालीस? तेही एकटी?"

"एकटी कुठे? पोर आहे की बरोबर."

तिने कपाळावर हात मारला. मी परत कात्री चालवायला घेतली.

तर झालं होतं असं. माझ्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, उघडून बघितल्याशिवाय काही सांगता येणार नाही. मी ते ऐकून घेतलं, घरी आले, स्वयंपाक केला, भांडी घासली, झोपले. सकाळी उठून फोनवर विमानाची सगळ्यात स्वस्त तिकिटं शोधली आणि काढून मोकळी झाले. दोन रात्रींची सहल. शहराचं नाव नंतर वाचलं. नवरा बेकरीची गाडी चालवतो. त्याने सगळ्या रजा दवाखान्यासाठी राखून ठेवल्या होत्या. त्याने माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाला, "जा." माझा नवरा बोलतो कमी, पण बोलतो वेळेवर.

तिकिटं का काढली, ते नणंदेला सांगितलं नाही. इथे सांगते. मी चार वर्षांची होते तेव्हा माझी आई गेली. तिचं मला एकच आठवतं. ती संत्रं सोलतेय, बिया काढतेय आणि एकेक फोड माझ्या हातात देतेय. नखं आठवतात, बोटं आठवतात. चेहरा नाही. फोटो आहे घरात, पण फोटोतली बाई कुणीही असू शकते. चार वर्षांच्या पोराच्या लक्षात राहत नाही म्हणे! अख्खा जन्म त्या एका संत्र्यावर काढलाय मी.

मला माझ्या पोरीकडे नुसते हात ठेवायचे नव्हते. चेहरा ठेवायचा होता, आणि तोही हसरा. कारण दुकानात ती बघते तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या असतात, आणि टाचण्या नसतात तेव्हा मी कुणाला तरी झापत असते. मी ठरवलं, हे दोन दिवस टाचण्या बंद आणि तोंडही बंद. गोड आई व्हायचं. मग जे व्हायचं ते होऊ दे.

स्वस्त तिकिटावर माणशी एकच छोटी पिशवी नेता येते. ती विमानतळाच्या गेटवर मापाला ठेवलेल्या लोखंडी चौकटीत बसली पाहिजे, नाहीतर विमानाच्या पोटात टाकतात. पिशव्या विकत कोण आणणार? मी घरीच शिवल्या. माझी एका जुन्या रेनकोटची, पोरीची उरलेल्या पडद्याची. तिच्या पिशवीत तिचे कपडे आणि गाढवराव. गाढवराव म्हणजे पँटच्या तुकड्यांचं गाढव, एक कान लांब, एक आखूड. ते कुशीत नसेल तर आमचं बटण झोपत नाही. बटण म्हणजे पोरगी. प्रवासात हरवू नये म्हणून गाढवरावाची शेपूट मी पिशवीच्या आतून दुहेरी दोऱ्याने पक्की शिवून टाकली. काय पण डोकं चालवलं, म्हणून स्वतःवर खूश झाले.

गेटवर माझी पिशवी चौकटीत अलगद बसली. बटणाची अडकली. मी दाबली, ठोकली, गुडघा लावला. एवढ्याशासाठी अडून बसली.

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लहान मुलांचं काहीही शिवायला घेतलं की माझा हात दोन बोटं जास्त सोडतो. वाढत्या अंगाचं शिवायची सवय. पोरं वाढतात, फ्रॉक पुढच्या वर्षीही चालला पाहिजे. आता पिशवी काय अंगाने वाढणार होती? पण पोरीची म्हटल्यावर हाताने आपलं काम करून टाकलं होतं, मला न विचारता.

"ही खाली सामानात जाईल," गेटवरचा माणूस म्हणाला आणि त्याने पिशवी उचलली. पिशवीच्या तोंडातून गाढवराव बाहेर बघत होता.

"गाढव काढून देते तेवढं," मी म्हटलं आणि ओढलं. शेपूट कुठली निघतेय? दुहेरी दोरा होता. कात्री आत आणू देत नाहीत. बटणाचा ओठ थरथरायला लागला.

झालं. गोड आई गेली उडत. माझे दोन्ही हात कमरेवर गेले, मग एक बोट वर आलं.

"थांबा! घेऊन चाललात ना? मग परत कुठे मिळेल, कोण देणार, ते सांगा."

"मिळेल की, बाई, तिकडे."

"मला 'मिळेल की' नको. तिकडे म्हणजे कुठे?"

"लोक खोळंबलेत मागे."

"खोळंबू देत. नियम तुमचा आहे, तो मी मोडत नाही. न्या पिशवी. पण सांगून न्या. आणि मला नाही, तिला सांगा. गाढव तिचं आहे."

मागे कुणीतरी चुकचुकलं. मी वळून असं बघितलं की चुकचुकणं बंद झालं. त्या माणसाने सुस्कारा सोडला आणि उकिडवा बसला, बटणाच्या उंचीला.

"उतरलीस ना, की एक काळा पट्टा फिरत असतो. त्याच्यावर येईल. तू तिथे उभी राहा."

"शप्पथ?" बटणाने विचारलं.

त्याने इकडेतिकडे बघितलं. "शप्पथ."

विमानात बसले आणि मला माझीच लाज वाटली. केस सुटलेले, घसा बसलेला, विमान उडायच्या आधीच गावभर भांडण. हसरा चेहरा ठेवायला निघाले होते आणि पहिल्या तासातच माती खाल्ली.

उतरल्यावर बटण पट्ट्याजवळ जाऊन उभं राहिलं ते हलेना. पिशवी आली. तिने आधी गाढवरावाचे दोन्ही कान चाचपले, लांबडा आणि आखूड, आणि मग म्हणाली, "आलास?"

पुढचे दोन दिवस मी गाल दुखेपर्यंत हसले. खोली छपराखालची, पलंग सोडला तर पाय टाकायला जागा नाही. तरी हसले. बटण पिशवीसकट गाढव कुशीत घेऊन झोपलं. रस्ते पायी तुडवले, ब्रेड आणि केळी खाल्ली. फळवालीकडे संत्री होती, ती घेतली नाहीत. मुद्दाम नाही घेतली. त्या शहरात एक उंच मनोरा आहे, वरून सगळं दिसतं. माझं सगळं तिथेच ठरलेलं होतं. वारा असेल, ऊन असेल, मी तिला उचलून घेईन आणि ती माझ्याकडे बघेल.

रांग संपेपर्यंत बटण माझ्या खांद्यावर झोपलं. जिन्याने वर नेलं तिला. पोट ओढत होतं, गुडघे बोलत होते, पण नेलं. वर वारा होता, ऊनही होतं. मी एवढी हसत उभी, आणि माझ्या पोरीचे डोळे गच्च मिटलेले. हलवलं, गालाला फुंकर मारली. ती घोरायला लागली.

मग मात्र मला रडू फुटलं. मनसोक्त रडले. नंतर नाक पुसलं आणि खाली पसरलेल्या त्या शहराला मोठ्यांदा म्हटलं, "आलेच की नाही मी?" शेजारचा फोटो काढणारा दोन पावलं सरकला. सरकू दे मेला!

घरी पोचलो तर नणंद दारात हजर.

"काय काय बघितलंस गं, बाळा?"

"पट्टा," बटण म्हणालं.

"आणि?"

"पट्टा फिरत होता."

"आणि तो उंच मनोरा?"

"कुठला मनोरा?"

नणंदेने माझ्याकडे बघितलं. टोमणा मारला असता तर बरं, निदान उलटून बोलता तरी आलं असतं. मी आत जाऊन कात्रीने गाढवरावाची शेपूट सोडवली. दुहेरी दोरा खरंच पक्का होता.

ऑपरेशनच्या दिवशी सगळे होते. नणंदसुद्धा, माझे धुतलेले कपडे घेऊन, डोळे लाल. ऑफिसला दांडी मारून आली होती बिचारी. मला चाकांच्या खाटेवर घातलं. नवऱ्याने माझा हात धरला आणि नर्सने हळूच सोडवला. त्याला बोलायचं होतं, पण या वेळी त्याची वेळ चुकली. खाट दाराकडे निघाली. मला वाटलं, आता तरी हसावं एकदा. ओठ हलेनात.

"थांबा!"

बटण बापाच्या कडेवरून घसरून खाली उतरलं होतं. दोन्ही हात कमरेवर. मग एक बोट वर.

"घेऊन चाललात ना? मग परत कुठे मिळेल, कोण देणार, ते सांगा."

आवाज माझा होता, मान माझी होती, भुवईसुद्धा माझीच वर गेली होती. टाके मोजून नक्षी उतरवावी तशी तिने मला उतरवली होती.

नर्स हसली. "मिळेल हं, बाळा."

"मला 'मिळेल' नको. कुठे?"

नर्सचं हसू थांबलं. तिने खाटेची चाकं अडकवली आणि खाली बसली, पोरीच्या उंचीला. "वरच्या मजल्यावर. खिडकीजवळची खाट. मी स्वतः आणून देईन. तू तिथे उभी राहा."

"शप्पथ?"

नर्सने एकदा दाराकडे बघितलं. "शप्पथ."

नणंदेने तोंडावर पदर धरला होता. मी पडल्या पडल्या मान वळवली. "ताई," मी म्हटलं, "म्हटलं नव्हतं, राहतं लक्षात?" आणि मला हसू आलं. दोन दिवस गाल दुखवून जे आलं नव्हतं ते आलं. आता आत न्या नाहीतर कुठेही न्या, माझी पोरगी आडवी उभी आहे दारात. बघू या तर खरं!

डोळे उघडले तेव्हा खिडकीतून ऊन येत होतं. गाठ काय निघाली, ते सांगायला डॉक्टर अजून यायचे होते. येतील तेव्हा येतील. खाटेशेजारी रिकामी खुर्ची होती, आणि खुर्चीशेजारी गाढव काखोटीला मारून बटण उभं होतं. नवरा म्हणाला, सकाळपासून बसायला तयार नाही.

ती वाकली. माझ्या चेहऱ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. केस विस्कटलेले, ओठ सुकलेले, अजिबात हसरा नसलेला चेहरा. मग तिने माझे दोन्ही कान नीट चाचपून बघितले.

"आलीस?" ती म्हणाली.