पेटीतली तार

मोतीरामने पेटीखालची फळी सरकवली, तारेचे एक टोक चिमट्यात धरले आणि हलकेच ओढले. तार ताणली गेली नाही. सुकलेल्या काडीसारखी मोडली आणि तिचा काळपट तुकडा फरशीवर पडला.

"गेली," तो म्हणाला.

इंदूबाई त्याच्यामागे उभी होती. कापसात गुंडाळलेले लेकरू तिने दोन्ही हातांत धरले होते. सातव्या महिन्यातच जन्मलेली मुलगी, आदल्या दिवसाची. तिचा चेहरा लिंबाएवढा दिसत होता.

"काल तर जोडली होती न तुमी?"

"जोडून जोडून आखूड झाली. आखूड झाली का जास्त तापते, अन् जास्त तापली का लवकर जाते." मोतीरामने तुकडा उचलून खिशात टाकला. "डागही बसत नाई हिले. कथील हिच्या तापानंच वितळून जाते. नवीच तार पाहिजे."

अचलपुरातल्या त्या बायकांच्या दवाखान्यात अपुऱ्या दिवसांच्या लेकरांसाठी तेवढी एकच पेटी होती. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दिले होते, परतवाड्याच्या सुताराने सागाची फळी आणि वरची काच बसवली होती, आणि खालची तार मोतीरामने ओढली होती. त्याचे विजेच्या दुरुस्तीचे छोटे दुकान होते. त्याची बायको इंदूबाई याच दवाखान्यात नर्स होती, म्हणून पेटीचे काम तो आपले समजून करी. आज डॉक्टरीणबाई अकोल्याला गेल्या होत्या. दुसरी नर्स रजेवर होती. इंदूबाई काल सकाळपासून घरी गेली नव्हती आणि तिच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या.

पौषातली थंडी होती. मेळघाटाच्या डोंगरांवरून उतरलेले वारे खिडकीच्या फटीतून आत येत होते.

"अमरावतीले जाऊन पायतो," मोतीराम म्हणाला. "सकाळची गाडी भेटली तर सांजेपर्यंत येतो."

"भेटीन का तार?"

"चीनच्या लढाईपासून मालच येऊन नाई राहिला. पायतो."

तो निघाला तेव्हा दारात गोदाबाई उभी होती. लेकराची आजी, आईची आई. भातकुलीकडची, काळ्या जमिनीच्या घरची बाई. नऊवारी लुगड्यावर जाड घोंगडी घेऊन ती कालपासून व्हरांड्यात बसून होती. तिची मुलगी जमुना पलीकडच्या खोलीत तापाने फणफणली होती.

"काय म्हन्ते तुमचा मिस्तरी?"

"तार तुटली, आजी. नवी आनाले गेले."

"काल तर मले सांगे, ही तार इस्तवात लाल होते पन जयत नाई. निकेल का काय अन् दुसरं कायतरी मिसळून करते म्हने. मंग तुटली कशी?"

"जयत नाई हे खरं. लाल झाली का वरून बारीक साय धरते, ते साय तिले वाचवते. पन तापते, थंडी होते, तापते, थंडी होते. मंग आतून ठिसूळ होते." नवऱ्याच्या तोंडून हे तिने इतक्या वेळा ऐकले होते की ते तिच्याही तोंडून तसेच निघाले. विजेच्या शेगडीत हीच तार, इस्तरीत हीच, दाताच्या डॉक्टरच्या भट्टीत हीच.

गोदाबाईने मान हलवली. तिची नजर लेकरावर होती, पण ती पुढे आली नाही.

इंदूबाईने लेकराच्या पायाला बोट लावले. पाय गार पडत चालला होता. गरम पाण्याच्या बाटल्या ठेवायला डॉक्टरीणबाईंनी मनाई केली होती. मागे एका लेकराची टाच भाजली होती. बल्ब लावून पाहिला होता, तर पेटीचा एक कोपरा तापे आणि दुसरा गारच राही. कोळशाच्या शेगडीच्या धुराने एवढ्याशा छातीत श्वास कोंडला असता.

तिला सेमाडोहकडची एक कोरकू आदिवासी बाई आठवली. दोन पावसाळ्यांपूर्वी ती असेच एक लेकरू घेऊन आली होती. पेटीत ते तिने ठेवूच दिले नाही. लेकरू उघड्या छातीशी बांधून ती खोलीच्या कोपऱ्यात बसून राहिली आणि ते जगवून घेऊन गेली.

"आजी, लेकराले अंगाची ऊब द्या लागते. उघड्या छातीशी धरून. जमुनाच्या अंगात ताप हाये. तुमी धराल का?"

गोदाबाई एक पाऊल मागे सरली.

"मी नाई. पेटीच नीट करा."

"पेटी सांजेले होईन. तेवढा दम नाई लेकरात."

"मंग दुसरी कोनी बाई नाई का?"

इंदूबाईला त्या प्रश्नाचा अर्थ कळला. कालपासून गोदाबाई दवाखान्यातल्या माठाचे पाणी पीत नव्हती, आणि जमुनाचा औषधाचा पेला तिच्या हातून न घेता स्टुलावर ठेवायला सांगत होती. इंदूबाईच्या घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यालाही आता सहा-सात वर्षे होत आली होती. अशा वेळी काय बोलायचे ते इंदूबाईकडे तयार असे. आज ते बोलायलाही अंगात बळ नव्हते.

"मीच हाये," ती म्हणाली. "नको म्हनत असान तर सांगा. पन लवकर सांगा."

गोदाबाईने खिडकीकडे पाहिले. मग घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली आणि दाराजवळ खाली बसली.

इंदूबाईने पडदा ओढला. पोलक्याच्या गाठी सोडल्या, लेकराभोवतीचा कापूस काढला आणि ते छातीच्या मधोमध ठेवले. वरून पदर, पदरावर शाल, शालीवरून चादरीची घट्ट गाठ. लेकरू ओल्या मातीसारखे गार लागले. तिच्या अंगावर काटा आला आणि ती भिंतीला टेकून बसली.

दुपार होईपर्यंत ती तशीच बसली. मध्ये दोनदा बाळंतिणींना पाहायला उठली, लेकरासकटच. चालताना एक हात शालीखाली ठेवी. जमुनाचे थोडे दूध काढून तिने कापसाच्या वातीने लेकराच्या ओठांवर थेंब थेंब सोडले. ओठ हलले. पाठ दुखून दुखून आता बधिर झाली होती, आणि हेच बरे, असे तिला वाटले.

उन्हे व्हरांड्यातून उतरली तेव्हा गोदाबाई हळूच पडद्याच्या आत आली.

"हाये का?"

"हाये."

"हालते?"

"हालते. आता पाय गरम हायेत."

गोदाबाई स्टुलावर बसली. बराच वेळ ती आपल्या हातांकडे पाहत राहिली.

"मले भेव वाटते, नर्सबाई," ती म्हणाली. "जमुनाच्या आधी माहे दोन गेले. असेच, दिवस भरायच्या आधी. दुसरं तर माह्या हातातच गेलं. मी त्याले घट्ट धरलं होतं. सासू म्हने, तूच दाबलं. तवापासून लहान लेकरू हातात घेतलं का हात कापते माहे. जमुनाबी माह्या नंदेनंच खेयवली."

इंदूबाईने तिच्याकडे पाहिले. सकाळी मागे सरलेले पाऊल तिला पुन्हा दिसले. माठाचे पाणी, पेला, ते सगळे खरे होते. आणि हेही खरे होते.

"तुमी नाई दाबलं, आजी," ती म्हणाली. "थंडीनं गेलं असन. कोनी सांगतलं नसन तुमाले."

गोदाबाईने पदर तोंडाला लावला.

दिवेलागणीला मोतीराम आला. धूळ त्याच्या भुवयांवर बसली होती. त्याने मान हलवली.

"कुठंच नाई. एकानं पेटीतल्यासारखी नायक्रोमची म्हनून लोखंडाची तार दाखवली. तिचे तर दोन दिसात पापुद्रे निघतीन." तो क्षणभर दाराला टेकला. "दुकानात जाऊन येतो."

तो परत आला तेव्हा त्याच्या हातात तारेची दोन वेटोळी होती, नवी, राखाडी, चकचकीत. त्याने फळीखाली ती एकामागे एक जोडली.

"दोनी मिळून लांब झाल्या," तो म्हणाला, "म्हनून लाल होनार नाईत, नुस्त्या तापतीन. अशी तार लय दिवस टिकते."

इंदूबाईने हळू आवाजात विचारले, "कुठून आनल्या?"

"दुरुस्तीच्या शेगड्यांत नव्याच बसवल्या होत्या, त्या काढल्या. एक मास्तरची, एक तहसिलीतल्या बाबूची."

"उद्या नेऊन द्याच्या होत्या न त्या?"

"हो."

मोतीरामने खटका दाबला. थोड्या वेळाने पेटीत टांगलेल्या तापमापकातला पारा चढू लागला. त्याने काचेवर हात ठेवला आणि मान डोलावली.

इंदूबाई उठली. चादरीची गाठ सोडण्यासाठी तिने हात मागे नेला, तेव्हा गोदाबाई म्हणाली,

"राहू द्या न बाई. तुमच्यापाशीच राहू द्या रातभर."

"पेटी झाली न आता."

"हे बी मधातच तुटलं तर?"

इंदूबाईच्या डोळ्यांपुढे खोली किंचित हलली. कोरकू बाईसारखे बसून राहावे एवढा दम आता तिच्यात नव्हता.

"आजी, माह्यानं आता होत नाई," ती म्हणाली. "बसल्याबसल्या डोया लागला अन् लेकरू निसटलं तर? तुटलं तर तुमाले घ्या लागीन. या, बसा इथं. शिकवून देतो."

"मले? अवं माय, माहे हात..."

"हातानं धराचंच नाई. गाठ धरते. हात मोकळे ठेवा."

गोदाबाईने नवऱ्यासमोर आयुष्यभर डोईवरून न ढळू दिलेला पदर खांद्यावरून काढला, तेव्हा मोतीराम बाहेर निघून गेला. इंदूबाईने तिची सुरकुतलेली छाती चोळून गरम केली, लेकरू आपल्या अंगावरून उचलले आणि तिच्या अंगावर ठेवले. शाल गुंडाळली. गाठ मारली. गोदाबाईचे दोन्ही हात हवेत अधांतरी राहिले होते, थरथरत होते. लेकराने तिच्या हाडाशी तोंड घासले आणि नाकातून बारीक आवाज काढला.

हळूहळू हात खाली आले. शालीवर टेकले. थरथर थांबली नाही, पण हात तिथेच राहिले.

इंदूबाईने थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाली, "द्या आता, पेटीत ठेवू."

गोदाबाईने डोळे मिटले होते. तिने फक्त मान हलवली, नाही म्हणून.

इंदूबाईने पेटीकडे पाहिले. काच उबेने धूसर व्हायला लागली होती. आत गादीचा चौकोन, कोणीच नसलेला. खटका बंद करायला तिने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. तापू दे.

व्हरांड्याच्या पायरीवर मोतीराम गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. ती त्याच्या शेजारी बसली. गार वारा लागला तेव्हा छातीवर लेकरू होते तेवढाच ओलसर भाग तिला वेगळा जाणवला.

"झाली का पेटी चालू?"

"चालू हाये."

"अन् लेकरू?"

"आजीपाशी."

मोतीरामने तिच्याकडे पाहिले. आपण दिवसभर कशासाठी हिंडलो, असे त्याने विचारले नाही. तो म्हणाला, "मास्तर सकायीच येईन शेगडीसाठी. लय बोलीन."

"मी येतो तुमच्यासंगं," इंदूबाई म्हणाली.

"तू कशाले? तू झोप."

खांबाला टेकून ती झोपी गेली होती, तोंड किंचित उघडे, एक हात अजून पदराखाली. मोतीराम तिला उठवायला वळला, आणि मग वाऱ्याच्या बाजूला सरकून बसला.